लाल चौकड्यांचं लुगडं

लुसीताई गेल्याचा फोन आला तेव्हा मी जिन्यात बसले होते. डेल्फ्टच्या आमच्या त्या अरुंद घरात वायफाय जिन्यातच काय ते बरं लागतं. त्यामुळे दुसरा लॉकडाऊन लागल्यापासून सकाळची मीटिंग मी चौथ्या पायरीवर बसून करायचे आणि खालच्या मजल्यावरून लुसीताई "साहेब आले का पायरीवर?" असं विचारायच्या. त्या दिवशी कुणी विचारलं नाही, कारण त्या अकरा दिवसांपासून हॉस्पिटलमध्ये होत्या. नर्स इंग्रजीत बोलली, हळू आणि नीट. आता घरात खाली कुणी नाही आणि येणारही नाही, हे कळायला मला वेळ लागला. मीटिंग तशीच चालू होती. पडद्यावरचे आठ चेहरे माझ्याकडे बघत होते आणि माझा माईक बंद होता…

तासाभराने अंत्यविधीची व्यवस्था पाहणाऱ्या बाईंचा फोन आला. त्यांनी अगदी अदबीने विचारलं, की ताईंना कोणते कपडे घालायचे आहेत? आमचा माणूस उद्या दहाच्या आत दारातून पिशवी घेऊन जाईल, तुम्ही विलगीकरणात आहात तेव्हा पिशवी उंबऱ्यावर ठेवा आणि दार लावून घ्या. मला त्यातल्या त्यात हायसं वाटलं. जगभरातल्या बातम्यांमध्ये माणसं प्लास्टिकमध्ये गुंडाळून जात होती. इथे निदान कपडे विचारत होते. आणि कपड्यांचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. गेलं वर्षभर तयार होतं.

लुसीताई वसईच्या. समुद्राकडच्या एका गावातल्या कॅथलिक घरातल्या. जुन्या वस्त्रांचं जतन करण्याचं शिक्षण घ्यायला तिशीत इकडे आल्या, एका डच इंजिनिअरशी लग्न करून इथल्याच झाल्या आणि तो गेल्यावर वरचा मजला माझ्यासारख्या कुणाकुणाला भाड्याने देऊन राहिल्या. मी पुण्याची, अ‍ॅमस्टरडॅम झुइडओस्टमधल्या एका कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टर. दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका शोधण्याचा मला पगार मिळतो, हे ऐकून ताई म्हणाल्या होत्या, "म्हणजे सासूची नोकरी." पहिल्याच दिवशी मी त्यांना मावशी म्हणाले तर चहा बंद करण्याची धमकी मिळाली, म्हणून ताई. एकसष्टाव्या वर्षीही त्या सायकलवरून अशा जायच्या की गल्लीतली पोरं बाजूला व्हायची. नाव एका रोमन मुलीचं. वसईत त्या मुलीला डोळ्यांची राखणदार मानतात. तिच्या धर्मापायी तिला मारलं आणि त्याआधी डोळे काढले, अशी कथा. ताईंची आई म्हणायची, माझ्या पोरीची नजर कधी जाणार नाही. खरोखरच नाही गेली. शंभर वर्षांपूर्वीचा टाका आणि दोनशे वर्षांपूर्वीचा टाका त्या चष्म्याशिवाय ओळखायच्या.

त्यांच्या खोलीत एक पत्र्याची ट्रंक होती आणि तिच्यात आईचं लुगडं. लाल, बारीक चौकड्यांचं, वापरून वापरून सायीसारखं मऊ झालेलं. पहिल्या लॉकडाऊनच्या सुरुवातीला, जेव्हा रस्त्यावर फक्त बदकं चालत होती, तेव्हा एका दुपारी त्यांनी मला ते दाखवलं. त्यांच्याकडची रीत आमच्यासारखीच होती. जन्मलेल्या बाळाला नवं कापड लावायचं नाही, आधी आजीच्या किंवा आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळायचं, म्हणजे त्याला कळतं की आपण परक्या ठिकाणी आलेलो नाही. लुसीताईंना याच लुगड्यात गुंडाळलं होतं. "मेले की मला यातच गुंडाळ, मेधा," त्या म्हणाल्या, "आले तशी जाईन. इथली माणसं मला कोट घालून पाठवतील." मी म्हटलं, असलं काही बोलू नका. तर म्हणाल्या, बोलायचं नाही तर काय करायचं, बाहेर तर जाता येत नाही. मग हो म्हणाले मी. असा शब्द देताना आपल्याला वाटत असतं की तो पाळायची वेळ वीस वर्षांनी येईल.

त्याच वसंतात त्यांच्याकडे प्लासिडा आली. खरं तर ताईच तिच्याकडे गेल्या. डेल्फ्टहून सायकलवर चाळीस मिनिटांवर, टोमॅटो पिकवणाऱ्या काचघरांच्या मधोमध एक गाव आहे. तिथलं चर्च बंद व्हायचं होतं. माणसं येईनाशी झाली की इथली चर्चं बंद होतात, कुठे फ्लॅट होतात, कुठे वाचनालय. त्या चर्चमध्ये डावीकडच्या वेदीखाली काचेची एक पेटी होती आणि तिच्यात रेशमी झगा घालून एक मुलगी आडवी झालेली. चेहरा आणि हात मेणाचे. झग्याच्या आत, जाळीच्या कापडात बांधलेली, खरी हाडं. चर्च बंद होण्याआधी तो फाटका झगा दुरुस्त करून पेटी बिशपांच्या कोठारात हलवायची होती. काम बाहेर नेता येत नव्हतं, म्हणून ताई तिथेच जाऊन बसायच्या आणि मी, घरात भिंतींशी बोलायला लागले होते म्हणून, त्यांच्याबरोबर जायचे. दीड मीटरचं अंतर ठेवून बाकावर लॅपटॉप घेऊन बसायचं. चर्चची देखभाल करणाऱ्या माणसाला इथे कोस्टर म्हणतात. यान नावाचे सत्तरीतले कोस्टर आमच्यासाठी दार उघडायचे आणि दुसऱ्या टोकाला जाऊन बसायचे. ताई त्यांना यानभाऊ म्हणायच्या आणि तेही ओ द्यायचे.

मी पहिल्यांदा पेटीत डोकावले तेव्हा पटकन मागे झाले. मेणाचे डोळे पूर्ण मिटलेले नव्हते. झोपेत असलेल्या माणसाच्या पापण्यांमधून जेवढं पांढरं दिसतं तेवढं दिसत होतं. ओठ किंचित उघडे, आत दात, आणि दात मेणाचे नव्हते. ताईंनी खिशातून, शिवताना सुई टोचू नये म्हणून घालायचं पितळी अंगुस्तान काढून बोटात घातलं आणि काचेवर दोनदा टकटक केलं. मी विचारलं, हे कशाला? तर म्हणाल्या, आत कुणी आहे, आणि कुणी आत असलं की दार वाजवूनच जायचं. काम संपेपर्यंत त्या कधीही ते चुकल्या नाहीत. टक टक… मग दोन श्वास थांबायचं, मग काच उचलायची.

ही प्लासिडा कोण, हे ताईंनी मला तुकड्यातुकड्यांनी सांगितलं. रोमच्या राज्यात सुरुवातीच्या ख्रिस्ती लोकांना राजाच्या देवांपुढे धूप घालायला सांगत. नाही म्हणाले तर तुरुंग, नाहीतर भरल्या आखाड्यात जनावरांपुढे सोडणं. त्यांचे मुडदे आणि त्यांच्या आधीची-नंतरची साधी मेलेली माणसं, सगळ्यांना शहराबाहेरच्या भुयारांत पुरलं जाई. हजार-बाराशे वर्षांनी ती भुयारं उघडली, आणि ज्या थडग्याजवळ काचेची लहानशी कुपी सापडे ते हुतात्म्याचं, असं ठरलं. कुपीत म्हणे रक्त होतं. ताई म्हणाल्या, रक्त की अत्तर, हे आता कुणाला विचारणार. नाव कुठे लिहिलेलं नसलं तर रोममधला कुणी कारकून नाव देई, कागद बांधी आणि हाडं उत्तरेकडे पाठवी. प्लासिडा म्हणजे शांत. कागदावर लॅटिनमध्ये लिहिलं होतं, प्लासिडा, कुमारी आणि हुतात्मा. "बाराशे वर्षं नाव नव्हतं पोरीला," ताई म्हणाल्या, "आणि मग एकदम आडनावासकट मिळालं."

त्यांना हुतात्म्यांच्या गोष्टी त्यांच्या आईकडून ठाऊक होत्या, पण त्या सांगायच्या कापडाच्या बाजूने. कार्थेजमधल्या एका बावीस वर्षांच्या आईची गोष्ट त्यांनी मला तीनदा सांगितली. तान्हं मूल अंगावर पिणारं. तुरुंगात अंधार आणि उकाडा, मुलाला आत आणू देतात तेव्हाच तिच्या जिवाला बरं वाटे. म्हातारा बाप पाया पडून सांगतो, एक चिमूट धूप टाक आणि घरी चल. ती टाकत नाही. तिच्या सोबत एक दासी, आठवा महिना भरलेली. गरोदर बाईला मारत नसत, म्हणून ही दासी घाबरलेली, की आपल्याला मागे ठेवतील आणि पुढे कधीतरी अनोळखी चोरदरोडेखोरांबरोबर एकटीला मारतील. ती तुरुंगातच बाळंत झाली आणि दोन दिवसांनी सगळ्यांबरोबर आखाड्यात गेली. तिची मुलगी कुणा बहिणीने वाढवली. आणि ती दुसरी, बावीस वर्षांची, तिला आखाड्यात सोडलेल्या रानटी गायीने उडवलं. पडली तेव्हा तिने काय केलं असेल? फाटलेला झगा मांडीवर ओढून घेतला आणि मग केसांना लावायला पिन मागितली. मोकळे केस म्हणजे सुतक, आणि तिला सुतकी दिसायचं नव्हतं. "मरताना पिन मागितली," ताई अंगुस्तानाने टेबलावर ठोकत म्हणायच्या, "लोकांना सिंह आठवतात. मला ती पिन आठवते."

मी देव मानत नाही आणि हुतात्मा होण्याचं मला कधीच कौतुक वाटलेलं नाही. मी तसं बोलले. एक चिमूट धूप टाकून घरी जाऊन मुलाला पाजावं, त्यात काय बिघडलं असतं? ताईंना राग येईल असं वाटलं होतं. त्या बराच वेळ टाका घालत राहिल्या. मग म्हणाल्या, आईला मी अगदी हेच विचारलं होतं, आणि आईने मला मारलं होतं. "पण मला खरं दुखतं ते बाळाचं," त्या म्हणाल्या. "आई ठरवून गेली. बाळाला कुणी विचारलं?"

जूनमध्ये त्यांनी जाळीचं कापड उसवलं. त्यावरचा लाखेचा शिक्का तोडायला बिशपांच्या कचेरीतून एक वृद्ध फादर आले होते. ते मास्क लावून दारातच उभे राहिले आणि काम झाल्याबरोबर निघून गेले. आत तागाच्या पुरचुंडीत हाडं होती, एकेक मोजून, जुन्या शाईने क्रमांक घातलेली. आणि त्यांच्याखाली, क्रमांक नसलेली, माझ्या करंगळीपेक्षा बारीक काही हाडं. ताईंनी फोटो काढून ओळखीच्या एका पुराणवस्तू तज्ज्ञाला पाठवले. त्याचं उत्तर आलं, की या फासळ्या तान्ह्या मुलाच्या आहेत, दोन-तीन आठवड्यांच्या. भुयारात थडगी एकावर एक असत, गोळा करताना मिसळली असतील, त्यावरून काही ठरवता येणार नाही. ताईंनी ते मला वाचून दाखवलं. नंतर त्या लॅटिन कागदाकडे बघून म्हणाल्या, कुमारी म्हणे.

तिथून पुढे सगळं थोडं विचित्र होत गेलं. मी जे पाहिलं तेवढंच सांगते. त्या लहान हाडांची मोजणी जुळेना. सोमवारी एकवीस, बुधवारी वीस, शुक्रवारी परत एकवीस. मीही मोजली. मोजणं हा माझा धंदा आहे, आणि माझीही जुळेनात. हाडं कापसावर, झाकणाच्या खोक्यात, कुलुपात. ताई वैतागल्या नाहीत. "लहान मुलं एका जागी राहतात का कुठे," म्हणून त्यांनी वहीत दोन्ही आकडे लिहून टाकले. जुलैत एकदा पेटीची काच सकाळी आतून धुरकट झालेली दिसली, तळहाताएवढी, आणि तीही प्लासिडाच्या तोंडाशी नाही, तिच्या कुशीपाशी. दमटपणा, ताई म्हणाल्या. त्यांच्याकडे दमटपणा मोजायचं यंत्र होतं. त्यांनी ते पाहिलं आणि आकडा मला सांगितला नाही. आणि ते गुणगुणणं… ऑगस्टच्या एका संध्याकाळी मी बाकावर काम करत होते. बाहेरच्या काचघरांतले दिवे लागलेले, त्यांचा तो गुलाबी-जांभळा उजेड चर्चच्या खिडक्यांतून येत होता. कुणीतरी हळू आवाजात अंगाई म्हणत होतं. वसईची बोली असावी, मला शब्द लागत नव्हते. ताई कधीकधी हाडांशी त्यांच्या बोलीत बोलायच्या, म्हणून मी लक्ष दिलं नाही. मग त्या शेजारच्या लहान खोलीतून हात पुसत बाहेर आल्या आणि मला विचारलं, "तू काय म्हणतेयस? छान आहे." मी काहीच म्हणत नव्हते. यानभाऊ दुसऱ्या टोकाला झोपलेले. ताईंनी सामान आवरलं आणि आम्ही सायकली काढल्या. त्या दिवशी त्या माझ्या पुढे गेल्या नाहीत, शेजारून चालवत राहिल्या.

ऑक्टोबरमध्ये काम संपलं. शेवटच्या दोन आठवड्यांत मी गेले नाही, ऑफिसचं काम वाढलं होतं. एका संध्याकाळी ताई घरी आल्या त्या एकदम हलक्या झाल्यासारख्या. म्हणाल्या, पेटी बंद केली. फादर येऊ शकत नव्हते, म्हणून बिशपांनी शिक्का टपालाने पाठवला आणि यानभाऊंनी लाख ओतली. मी विचारलं, मोजणी? "जुळली," ताई म्हणाल्या. "आता जुळेल नेहमी." मला वाटलं, थकल्यात, काहीतरी बोलतायत. त्यांच्या धंद्याचा नियम त्यांनीच मला शिकवला होता, की आपलं स्वतःचं काही मागे ठेवायचं नाही, जो टाका घालशील तो उद्या दुसऱ्याला उसवता यायला हवा. मी गमतीने म्हटलं, मग काही चूक सापडली तर मला सांगा, मी नोंदवून घेते. त्या हसल्या आणि पोळ्या लाटायला बसल्या.

जानेवारीत मला खोकला झाला. नंतर त्यांना. माझा चार दिवसांत गेला, त्यांचा गेला नाही. हे वाक्य मी आतापर्यंत पाच वेळा लिहून खोडलं. ते इथे असायला हवं. त्यांना कुणापासून झाला याची खात्री कुणी देऊ शकत नाही असं डॉक्टर म्हणाल्या, आणि मी ते ऐकून घेतलं. हॉस्पिटलमध्ये भेटायला जाता येत नव्हतं. चौथ्या दिवशी नर्सने व्हिडिओ कॉल लावून दिला. तोंडावर मास्क, बोलता येत नव्हतं. मी वायफळ काहीतरी बोलत राहिले, ट्यूलिपचे कंद मी लावलेत वगैरे. त्यांनी दोन्ही हात उचलले आणि काहीतरी गुंडाळल्यासारखं केलं. एकदा, परत एकदा. मग मान हलवली, नाही अशी. मला कळलं. मी म्हटलं, ताई, मला आठवतंय, लुगडं, पण त्याची वेळ येणार नाही. त्यांनी परत मान हलवली. डोळ्यांत पाणी होतं. मला वाटलं, भीतीने. त्यांचे हात फार लहान काहीतरी गुंडाळत होते, हे मी पाहिलं होतं. पाहिलं होतं, पण तेव्हा त्याचा अर्थ लागला नाही.

तर त्या दिवशी, फोन ठेवल्यावर, मी खाली जाऊन ट्रंक उघडली. लुगडं नव्हतं. सगळं घर पालथं घातलं. कपाटं, गादीखाली, माळा, सायकलींची शेड. वसईला ताईंची भाची कॅरोल फोनवर होती. ती म्हणत होती, मावशीने ते कधी कुणाला हात लावू दिलं नाही, असेल, नीट बघ. दुसऱ्या दिवशी पावणेदहापर्यंत मी शोधत होते. मग मी वर गेले आणि माझ्या आईची नारायणपेठी काढली, मला सासरी जाताना दिलेली, ते लग्न मोडलं तरी मी जवळ ठेवलेली. नेसवता कुणाला येणार होती? मी चिठ्ठी लिहिली, इंग्रजीत, की अंगावरून पांघरा आणि खांद्यापाशी टाचा. आणि पिशवीत सेफ्टी पिनांचं पाकीट टाकलं, आख्खं. दार लावून घेतल्यावर मी मागे पाठ टेकून खाली बसले. एवढी एकच गोष्ट त्यांनी मागितली होती आणि ती मला जमली नाही.

अंत्यविधी त्याच चर्चमध्ये झाला. ते बंद होण्याआधीचा शेवटचा. माझं विलगीकरण संपलं नव्हतं, म्हणून मी घरी, ताईंच्या खोलीत त्यांच्या कामाच्या टेबलाशी बसून लॅपटॉपवर पाहिला. एकच कॅमेरा, हलत नव्हता. मधोमध लाकडी पेटी, लांब लांब बसलेली सहा माणसं, आणि चौकटीच्या डाव्या कडेला प्लासिडाच्या काचेचा एक कोपरा. फादर प्रार्थना संपवून थांबले. त्या शांततेत दोन आवाज आले. टक टक. अगदी पितळ काचेवर वाजतं तसे. कॅमेऱ्यात कुणी हललेलं दिसलं नाही. मी मागे वळून खोलीच्या दाराकडे पाहिलं, अर्थात तिथे कुणी नव्हतं. वसईहून कॅरोलने लगेच मेसेज केला, मेधा, तुझ्याकडे दार वाजलं का?

पाच आठवड्यांनी यानभाऊंचा फोन आला, की पेटी परवा कोठारात जाईल, त्याआधी ताईंच्या सामानाचा डबा घेऊन जा. मी गेले. चर्च रिकामं केलेलं, बाक नाहीत, भिंतींवर चित्रांच्या जागी पांढरे चौकोन. यानभाऊंनी डबा दिला, त्यात कात्र्या, चिमटे, सुया आणि ते अंगुस्तान. मी त्यांना म्हटलं, अंत्यविधीच्या वेळी तुम्ही शवपेटीवर ठोकलंत ते मी ऐकलं, बरं वाटलं. ते म्हणाले, मी नाही ठोकलं. जवळ जायला मनाई होती. मीही ऐकलं. आणि ते शवपेटीकडून आलं नाही, डावीकडून आलं.

मग ते म्हणाले, तुम्हाला एक विचारायचं होतं. शिक्का लावायच्या दिवशी लुसीने पिशवीतून एक कापड आणलं होतं, मोठं, लाल चौकड्यांचं. एक पदर फाडून तिने त्या लहान हाडांना गुंडाळलं, असं, हातावर घेऊन, जसं आया करतात, आणि प्लासिडाच्या कुशीत ठेवलं. उरलेलं घडी घालून दोघांच्या खाली अंथरलं, कारण जुनी गादी किड्यांनी खाल्ली होती. मी विचारलं, हे नियमात बसतं का? तर म्हणाली, आमच्याकडे बाळाला नवं कापड लावत नाहीत. "मी लाख ओतली," यानभाऊ म्हणाले. "तुमच्याकडे खरंच असं आहे का?"

मी हो म्हणाले. मी पेटीपाशी गेले. प्लासिडाचा झगा आता सांधलेला, तिचे ते अर्धे मिटलेले डोळे तसेच. आणि झग्याच्या काठाखाली, बारीक बघितलं तर, बोटभर लाल चौकडी. सहा महिने मी ज्या बाईशेजारी बसून त्यांच्या कामातल्या चुका शोधण्याच्या गप्पा मारत होते, त्यांनी आयुष्यात एकदाच नियम मोडला आणि तो माझ्या नजरेतून सुटला. त्या मला पडद्यावरून सांगत होत्या, शोधू नकोस, ते दिलं. आणि मी त्यांना लुगड्याचंच आश्वासन देत बसले होते. मला फार रडू आलं. यानभाऊ दीड मीटरवर उभे होते. काय करावं ते न कळून त्यांनी मला दुरून रुमाल दाखवला.

मग त्यांनी विचारलं, कोठारवाल्यांना हे सांगायला हवं का? त्यांच्या यादीत लुसीने फक्त "धुतलेलं सुती कापड" असं लिहिलंय. सांगितलं तर ते उघडतील आणि परकं म्हणून काढतील. मी चुकांची नोंद करून पोट भरते. मी म्हटलं, यादीत लिहिलंय ते बरोबरच आहे. निघताना मी अंगुस्तान बोटात घातलं आणि काचेवर दोनदा वाजवलं. दोन श्वास थांबले. आतून काही आलं नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. फक्त काच कुशीपाशी धुरकट होती, तळहाताएवढी, आणि मी तिथे असेपर्यंत ती एकदा पुसट होत गेली आणि परत आली.

ताईंची खोली अजून तशीच आहे. घराचं काय करायचं ते कॅरोल ठरवेल, विमानं सुरळीत झाली की ती येणार आहे. मी रोज संध्याकाळी कंदांना पाणी घालायची झारी घ्यायला त्या खोलीत जाते. दार उघडंच असतं, तरी आधी अंगुस्तानाने दोनदा वाजवते, थांबते आणि मग आत जाते. काल तशीच आत गेले होते तेव्हा कॅरोलचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर तिने दर वेळेसारखं विचारलं, लुगडं सापडलं का? मी आजवर नाही म्हणत होते. काल म्हटलं, "सापडलं गं. पण ते वापरात आहे."

"कुणाच्या?"

"इथे एक बाळंतीण आहे. ताईंनी तिला दिलं."

वसईला तेव्हा रात्रीचे साडेनऊ वाजले असतील, मागे कुठेतरी कुत्रं भुंकत होतं. मला वाटलं, ती आता विचारेल, कोण बाळंतीण, कुठली, मावशीचं लुगडं का म्हणून दिलं. तिने त्यातलं काही विचारलं नाही.

"बाळ बरं आहे ना?" तिने विचारलं.

मी ट्रंकेकडे बघितलं. झाकण उघडंच होतं, मी शोधायला उघडलं तेव्हापासून. मी ते हळूच लावलं, आवाज होऊ न देता.

"हो," म्हटलं, "झोपलंय."